लग्नाची सीडी कोणत्या संगणकावर चालते?

जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यात घरातल्या टीव्हीखालचा खण उघडला की चकत्या निघतातच. एक लग्नाची, एक साखरपुड्याची, एखादी सप्ताहातल्या काल्याच्या कीर्तनाची, एखादी घाटात पळालेल्या बैलगाड्याची. आळे गावही याला अपवाद नाही. ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदवले, त्या रेड्याची समाधी याच गावात आहे, अशी इथली श्रद्धा आहे. गावाजवळचा आळेफाटा म्हणजे पुणे-नाशिक आणि कल्याण-अहिल्यानगर या दोन महामार्गांचा चौक. या भागातली अनेक घरं अर्धी गावात आणि अर्धी मुंबईत असतात. मुंबईचे डबेवालेसुद्धा प्रामुख्यानं जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ या तालुक्यांतलेच. त्यामुळे लग्नाच्या शूटिंगच्या दोन प्रती व्हायच्या, एक गावच्या घरासाठी आणि एक मुंबईच्या खोलीसाठी.

चकत्या आहेत, पण त्या लावायच्या कशावर? डीव्हीडी प्लेअर केव्हाच भंगारात गेला. नवीन लॅपटॉपला ट्रे नाही. कोणाकडून तरी बाहेरून जोडायचा यूएसबी ड्राइव्ह आणला, चकती घातली, तरी पडद्यावर काही येत नाही. मग घरातला कोणीतरी निकाल देऊन टाकतो : सीडी खराब झाली, टाकून द्या.

हा निकाल बहुतेक वेळा चुकीचा असतो. चकती न चालण्याचं कारण चकतीत असतं त्याहून जास्त वेळा ते संगणकाच्या कार्यप्रणालीत असतं. विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिघांची व्हिडिओ चकत्यांशी वागण्याची रीत वेगवेगळी आहे आणि त्यामागं तंत्रापेक्षा पैशाची आणि परवान्यांची गोष्ट मोठी आहे. ती समजली तर खणातली बरीच लग्नं वाचतील, म्हणून हा लेख.

आधी हातात काय आहे ते ओळखू. घरी आपण सगळ्यांनाच ‘सीडी’ म्हणतो, पण त्यात दोन जाती आहेत. पहिली व्हीसीडी. फिलिप्स, सोनी, मात्सुशिता आणि जेव्हीसी या कंपन्यांनी १९९३ मध्ये तिचे नियम ठरवले. साध्या ऑडिओ सीडीवरच ७४ मिनिटांचं चित्र आणि आवाज बसवायचा, हा हेतू होता. त्यासाठी चित्र एमपीईजी-१ पद्धतीनं आवळलं आणि त्याचा आकार ३५२ बाय २८८ ठिपके इतकाच ठेवला. म्हणून व्हीसीडी मोठ्या टीव्हीवर लावली की मांडवातले चेहरे पुसट दिसतात आणि वरातीत लोक नाचायला लागले की चित्राचे चौकोन पडतात. तीन तासांच्या लग्नाला तीन चकत्या लागायच्या, आणि त्यांतली मंगलाष्टकांचीच नेमकी कोणीतरी बघायला नेलेली असायची.

दुसरी डीव्हीडी. ती १९९६ च्या अखेरीस जपानमध्ये बाजारात आली. आपल्याकडे लग्नाच्या धंद्यात रुळायला तिला आणखी बरीच वर्षं लागली. तिच्यात एमपीईजी-२ पद्धत आणि ७२० बाय ५७६ ठिपके, म्हणजे व्हीसीडीच्या चौपटीहून थोडं जास्त चित्र. एका थरात ४.७ अब्ज बाइट मावतात, त्यामुळे सगळं लग्न एकाच चकतीवर बसू लागलं. दोन्ही चकत्या दिसायला सारख्या. फरक ओळखायचा तर संगणकात घालून आतले फोल्डर बघावेत. ‘एमपीईजीएव्ही’ नावाचा फोल्डर आणि त्यात शेवटी ‘डॅट’ लिहिलेली मोठी फाइल दिसली तर ती व्हीसीडी. ‘व्हिडिओ टीएस’ फोल्डर आणि त्यात ‘व्हीओबी’ नावाच्या फायलींची रांग दिसली तर डीव्हीडी.

याच काळात विकतच्या चकत्याही स्वस्त झाल्या. मोझर बेअर या भारतीय कंपनीनं २००७ च्या सुमारास सिनेमाची व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली. तोपर्यंत सिनेमा विकत घेणं ही शहरातल्या दुकानातली गोष्ट होती, ती आता एसटी स्टँडवरच्या टपरीपर्यंत आली. पुढं मोबाइल आला, चकत्यांचा बाजार बसला आणि ही कंपनीही २०१८ मध्ये अवसायनात निघाली. चकत्या मात्र घरोघर राहिल्या.

आता कार्यप्रणालींकडे वळू. इथं एक उलटसुलट प्रकार आहे. जुनी व्हीसीडी विंडोजला सोपी आणि लिनक्सला अवघड जाते. डीव्हीडीच्या बाबतीत, निदान घरगुती डीव्हीडीच्या बाबतीत, लिनक्सला अडचण नाही आणि नवं विंडोज मात्र हात वर करतं.

व्हीसीडीचं कारण तिच्या रचनेत आहे. संगणकाची माहिती साठवणाऱ्या सीडीवर प्रत्येक कप्प्यात २०४८ बाइट माहिती असते आणि उरलेली जागा चुका दुरुस्त करण्याच्या जादा आकड्यांना दिलेली असते. व्हिडिओत एखादा ठिपका चुकला तर जग बुडत नाही, म्हणून व्हीसीडी ठरवणाऱ्यांनी ते दुरुस्तीचे आकडे काढून टाकले आणि प्रत्येक कप्प्यात २३२४ बाइट भरले. जागा वाढली, पण कप्प्याचं माप बदललं. विंडोजनं हे माप आधीपासून सांभाळून घेतलं. त्यामुळे तिथं डॅट फाइल सरळ दिसते, उघडते, कॉपीही होते. एमपीईजी-१ उलगडण्याची सोयही विंडोज ९५ च्या काळापासून आतच होती. लिनक्स मात्र फायलीचं नाव दाखवतं आणि ती कॉपी करायला गेलं की त्रुटी देऊन थांबतं, कारण ते २०४८ च्या मापानंच वाचायला जातं. मॅकवरही बहुधा हाच अनुभव येतो. अशा वेळी चकती खराब समजू नये. फाइल म्हणून न उघडता ती ‘व्हीसीडी’ म्हणून उघडायची, इतकंच.

दुरुस्तीचे आकडे नसण्याचा दुसरा परिणाम मात्र तिन्ही प्रणालींवर सारखाच होतो. ओरखडा पडलेली व्हीसीडी प्लेअरवर थोडी अडखळून पुढं जाते. तीच फाइल विंडोजमध्ये कॉपी करायला गेलं तर पहिल्या ओरखड्याशीच संगणक काम सोडून देतो. चालते पण उतरत नाही, अशी चकती असेल तर ती या प्रकारातली.

डीव्हीडीची गोष्ट वेगळी आणि जास्त रंजक आहे. तिच्या आड दोन भिंती होत्या. पहिली परवान्याची. एमपीईजी-२ पद्धतीवर अनेक कंपन्यांची पेटंट होती, आणि डीव्हीडी चालवणारी आज्ञावली विकायची तर प्रत्येक प्रतीमागं दोन-अडीच डॉलर शुल्क द्यावं लागे. आवाजाच्या डॉल्बी पद्धतीचं शुल्क वेगळं. विंडोज एक्सपीत हे शुल्क भरलेलं नव्हतं, म्हणून त्या काळी डीव्हीडी ड्राइव्ह घेतला की त्याच्यासोबत पॉवर-डीव्हीडी किंवा विन-डीव्हीडीची वेगळी सीडी यायची. मायक्रोसॉफ्टनं व्हिस्टाच्या महागड्या आवृत्त्यांत आणि नंतर विंडोज ७ होम प्रीमियम व त्यावरच्या आवृत्त्यांत ही सोय आत घातली. सर्वांत स्वस्त स्टार्टर आवृत्तीला ती दिली नाही. मग २०१२ मध्ये विंडोज ८ आलं आणि कंपनीनं डीव्हीडी चालवण्याची सोय काढूनच टाकली. लोक आता चकत्या बघत नाहीत, मग प्रत्येक संगणकामागं शुल्क का भरायचं, असा तो हिशेब होता. विंडोज १० आलं तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या दुकानात ‘विंडोज डीव्हीडी प्लेअर’ नावाचं ॲप विकायला ठेवलं, किंमत सुमारे पंधरा डॉलर. जुन्या विंडोज ७ च्या काही ग्राहकांना ते ठरावीक मुदतीत फुकट मिळालं, बाकीच्यांनी विकत घ्यायचं. विंडोज ११ वरही चित्र हेच आहे. आळ्यातल्या मुलानं शाळा-कॉलेजसाठी घेतलेल्या नव्या लॅपटॉपवर आईबापांच्या लग्नाची डीव्हीडी लागत नाही, त्याचं कारण हे.

यातला कडवा भाग असा, की एमपीईजी-२ ची अमेरिकेतली शेवटची पेटंट २०१८ च्या फेब्रुवारीत संपली. डॉल्बीच्या जुन्या पद्धतीची त्याआधीच, २०१७ मध्ये संपली होती. म्हणजे शुल्काचं मुख्य कारण मिटलं, पण सोय काही परत आली नाही. माझ्या मते हे ग्राहकाच्या हिताचं नाही. ज्या वस्तू कोट्यवधी घरांत पडून आहेत, त्या वाचण्याची साधी सोय कार्यप्रणालीत असायलाच हवी.

ॲपलनं उलटी वाट धरली. मॅकमध्ये डीव्हीडी प्लेअर नावाची आज्ञावली पूर्वीपासून आहे आणि अजूनही ती काढलेली नाही. चकती घातली की ती आपोआप उघडते, मेनू दिसतो, सगळं चालतं. काढला तो ड्राइव्ह. २००८ च्या मॅकबुक एअरमध्ये तो नव्हता, २०११ पासून बाकीच्या मॅकमधूनही तो जाऊ लागला. म्हणजे विंडोजच्या लॅपटॉपला ड्राइव्ह जोडूनही वर आज्ञावली शोधावी लागते आणि मॅकला नुसता यूएसबी ड्राइव्ह पुरतो. डीव्हीडीपुरतं बोलायचं तर सर्वांत कमी कटकट मॅकवर आहे, हे मान्य करायला हवं. फक्त आपल्याकडच्या किती घरांत मॅक असतो, हा प्रश्न उरतो.

दुसरी भिंत कुलपाची. सिनेमाच्या कंपन्यांनी विकतच्या डीव्हीडीला सीएसएस नावाचं सांकेतिक कुलूप घातलं. त्याची किल्ली ४० बिटांची होती आणि परवाना घेतलेल्या प्रत्येक प्लेअरच्या पोटात ती दिलेली होती. दाराला कुलूप लावून किल्ली उंबऱ्यापाशीच ठेवण्यासारखा हा प्रकार, फार काळ टिकणार नव्हताच. लिनक्ससाठी परवाना घेणारं कोणी नव्हतं, म्हणून लिनक्सवाल्यांना स्वतः पैसे देऊन घेतलेली डीव्हीडीही बघता येत नव्हती. १९९९ च्या ऑक्टोबरात ‘डीसीएसएस’ ही छोटी आज्ञावली इंटरनेटवर आली आणि कुलूप उघडलं. तिच्याशी नाव जोडलं गेलेला नॉर्वेचा योन लेक योहान्सन तेव्हा अवघ्या पंधरा वर्षांचा होता. त्याच्यावर खटला भरला गेला. २००३ मध्ये आधी खालच्या आणि मग वरच्या न्यायालयानंही त्याला निर्दोष सोडलं. स्वतःची चकती स्वतः बघणं हा गुन्हा नाही, असा त्या निकालांचा रोख होता.

आपल्याकडे प्रताधिकार कायद्यात २०१२ मध्ये कलम ६५ अ आलं. त्यानुसार हक्कभंगाच्या हेतूनं असं कुलूप तोडणं दंडनीय आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हेतू हा त्यातला कळीचा मुद्दा. प्रती काढून विकणं आणि घरात बसून स्वतःची चकती बघणं यांत कायदा फरक करतो.

पण लग्नाच्या चकतीला हे सगळं लागूच नाही, आणि हीच गोष्ट लोकांना माहीत नसते. शूटिंगवाल्यानं स्वतःच्या संगणकावर लिहिलेल्या डीव्हीडीवर सीएसएसचं कुलूप नसतं. तिच्यावर देशोदेशीचे विभागसुद्धा नसतात. कंपन्यांनी विकतच्या डीव्हीडींसाठी जगाचे तुकडे पाडले, त्यात अमेरिका पहिल्या विभागात, युरोप व जपान दुसऱ्या आणि भारत पाचव्या विभागात आहे. संगणकाच्या ड्राइव्हचा विभाग फक्त पाच वेळा बदलता येतो, मग तो कायमचा ठरतो. विकतची चकती परदेशातून आणली तर हे आडवं येतं. आळेफाट्यावर लिहिलेली चकती न्यू जर्सीतल्या भाच्याकडे पाठवली तर विभागाची अडचण येत नाही. तिथल्या टीव्हीच्या प्लेअरवर ती कधीकधी चालत नाही, कारण आपली चित्रपद्धत पाल, त्यांची एनटीएससी. संगणकाला मात्र पाल काय आणि एनटीएससी काय, दोन्ही सारखेच. तेव्हा त्याला प्लेअरचा नाद सोडून संगणकावर लाव म्हणून सांगावं.

या सगळ्या भिंतींतून आरपार जाणारी एक आज्ञावली आहे, व्हीएलसी. नारिंगी-पांढरा रस्त्यावरचा शंकू हे तिचं चिन्ह. १९९६ मध्ये पॅरिसच्या एकोल सांत्राल या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी वसतिगृहाच्या जाळ्यावर व्हिडिओ दाखवण्यासाठी ती करायला घेतली आणि २००१ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली. उलगडण्याची सगळी यंत्रणा ती स्वतःच्या पोटात बाळगते, कार्यप्रणालीकडे काही मागत नाही. म्हणून विंडोज ११, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर ती एकसारखी चालते. २०२२ मध्ये तिचं संकेतस्थळ भारतात बंद केलं गेलं होतं. कायदेशीर नोटीस गेल्यावर त्याच वर्षी नोव्हेंबरात ते पुन्हा उघडलं. ज्या आज्ञावलीच्या जोरावर देशातल्या असंख्य घरगुती चकत्या आज चालतात, तिचं दार महिनोन्महिने बंद राहणं ही साधी गोष्ट नव्हती.

लिनक्स म्हणजे फक्त तज्ज्ञांचं काम, हा समजही सोडायला हवा. याच जुन्नर तालुक्यात खोडदला महाकाय मीटरतरंग दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची. तिच्याकडे येणाऱ्या रेडिओ लहरींचं गणित लिनक्सवर चालणाऱ्या संगणकांनी केलेलं आहे. पण लिनक्स वापरायला वेधशाळाच लागते असं नाही. घरातला दहा वर्षांपूर्वीचा, विंडोजच्या ओझ्याखाली रांगणारा जुना लॅपटॉप असेल, तर त्याला बहुधा डीव्हीडीचा ट्रेही असतो. त्यावर उबुंटूसारखं फुकट लिनक्स आणि व्हीएलसी घातलं की घरच्या चकत्यांसाठी वेगळा प्लेअर लागत नाही. विकतच्या कुलूपबंद डीव्हीडीसाठी तेवढा एक जादा घटक घालावा लागतो, तो उबुंटू स्वतःहून देत नाही.

आळ्यातल्या एका घरी हा प्रयोग जवळून पाहिला. २००३ सालच्या लग्नाची व्हीसीडी, २०११ ची एक डीव्हीडी, एक यूएसबी ड्राइव्ह आणि भावंडांचे तीन लॅपटॉप. विंडोज ११ वर व्हीसीडीची डॅट फाइल व्हीएलसीत ओढून सोडली आणि लगेच सनई सुरू झाली. डीव्हीडीला विंडोजच्या स्वतःच्या प्लेअरनं दाद दिली नाही, व्हीएलसीनं मेनूसकट लावली. मॅकवर डीव्हीडी आपसूक लागली. उबुंटूवर डीव्हीडी विनातक्रार चालली. व्हीसीडीची फाइल दोनदा टिचकी मारूनही उघडेना. मग व्हीएलसीच्या ‘मीडिया’ यादीतलं ‘ओपन डिस्क’ निवडलं, तिथं ‘डीव्हीडी’ऐवजी ‘एसव्हीसीडी/व्हीसीडी’वर खूण केली आणि ‘प्ले’ दाबलं. ड्राइव्ह घरघरला, चित्र आलं. घरातल्या काकूंनी खुर्ची पुढं ओढली आणि म्हणाल्या, “आधी मानपानाचं लाव रे बाळा, त्यात आमच्या सासूबाई आहेत.” सासूबाई त्या लग्नानंतर दोन वर्षांनी गेल्या होत्या. त्यांचं हलतं-बोलतं चित्र त्या एका चकतीशिवाय कुठंच नव्हतं.

म्हणून नुसतं चालवून थांबू नये, चकती उतरवून घ्यावी. शूटिंगवाल्यानं लिहिलेल्या चकतीत माहिती सेंद्रिय रंगाच्या थरावर लेझरनं उमटवलेली असते. ऊन, उष्णता आणि दमट हवा यांनी तो थर वर्षागणिक बिघडतो. कारखान्यात छापलेल्या सिनेमाच्या चकतीचं तसं नसतं, ती जास्त टिकते. सीडीच्या बाबतीत छापील बाजू जास्त जपावी, कारण चमकणारा थर त्या बाजूच्या पातळ लाखेखालीच असतो. तिथं नखाचा ओरखडा पडला की माहितीच निघून जाते. डीव्हीडीत तो थर ०.६ मिलिमीटरच्या दोन पत्र्यांच्या मधोमध असतो, म्हणून ती त्या बाजूनं सुरक्षित. पुसायचं झालं तर मऊ सुती कापडानं मधल्या भोकाकडून काठाकडे सरळ पुसावं, गोल गोल फिरवू नये. तसा सरळ ओरखडा दुरुस्तीच्या आकड्यांनी भरून निघतो, गोलाकार ओरखडा मात्र माहितीच्या रेषेवरच लांबवर जातो आणि तेवढा तुकडा गिळतो.

विंडोजवर व्हीसीडीची डॅट फाइल कॉपी करून तिच्या नावाचा शेवट ‘एमपीजी’ केला तरी पुरतं. डीव्हीडीचा ‘व्हिडिओ टीएस’ फोल्डर अख्खा उतरवावा. पूर्ण डीव्हीडीची एकच आयएसओ फाइल करायची असेल तर विंडोजवर इमगबर्न, मॅकवर डिस्क युटिलिटी आणि लिनक्सवर के-थ्री-बी ही कामाची साधनं आहेत. एक खाचखळगा लक्षात ठेवावा. बहुतेक जुने पेनड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीचे असतात, त्यांवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, आणि भरलेल्या डीव्हीडीची आयएसओ त्याहून मोठी होते. पेनड्राइव्ह रिकामा करून एक्सफॅट पद्धतीनं फॉरमॅट करावा किंवा फोल्डर तसाच उतरवावा, कारण त्यातल्या व्हीओबी फायली एक जीबीच्या आतच ठेवलेल्या असतात. ओरखड्यांनी अडलेल्या डीव्हीडीसाठी लिनक्सवरचं डीडी-रेस्क्यू सर्वांत भरवशाचं. ते चांगला भाग आधी उचलतं आणि अडलेल्या जागी पुन्हा पुन्हा जाऊन जमेल तितकं काढतं. अशा चकतीला रात्रभर वेळ द्यावा लागतो. मोबाइलसाठी छोटी फाइल हवी असेल तर हँडब्रेकनं एमपी-४ करावी. पण ती मूळ फायलीऐवजी ठेवू नये, कारण आवळताना गेलेलं चित्र पुन्हा मिळत नाही.

सुरुवात घरातल्या सर्वांत जुन्या चकतीपासून करा, त्यातही हातानं नाव लिहिलेल्या आणि खालून जांभळट किंवा हिरवट दिसणाऱ्या चकत्या आधी घ्या. दोन प्रती करा, एक गावच्या घरात ठेवा आणि एक मुंबई-पुण्याच्या माणसाकडे द्या. आळेफाट्यावर किंवा नारायणगावात ज्यानं शूटिंग केलं होतं तो माणूस अजून धंद्यात असेल, तर मूळ टेप त्याच्याकडे आहे का, हेही एकदा विचारून या.